पहिली पाच, शेवटची पाच आणि मधली चोवीस

पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षांनी, २१ जून १९७७ पासून मे २०११ पर्यंत सलग राज्य केले. विधानसभेच्या सात निवडणुका ओळीने जिंकल्या. मुख्यमंत्री दोनच झाले: नोव्हेंबर २००० पर्यंत ज्योती बसू आणि त्यानंतर बुद्धदेव भट्टाचार्य. ते सरकार जाऊन आता बराच काळ लोटला, तरी तिथला वाद मिटलेला नाही. एक जण म्हणतो, भूमिहीनाला जमिनीवर उभे केले ते यांनी. दुसरा म्हणतो, कारखाने घालवले, शाळा बिघडवल्या आणि गावागावात पक्षाची दादागिरी बसवली तीही यांनीच. दोघांकडे पुरावे आहेत आणि दोघांचेही पुरावे खरे आहेत.

हा वाद समजून घ्यायला सिंगूरचे प्रकरण सगळ्यांत उपयोगी पडते. ते बहुतेकांना 'टाटांच्या नॅनो मोटारीचा कारखाना गुजरातला गेला' एवढ्यावरच ठाऊक असते. पण सिंगूर हुगळी जिल्ह्यात आहे, आणि डाव्यांची सगळ्यात मोठी कामगिरी जिथून सुरू झाली तो जिल्हाही हुगळीच. माझा मुद्दा असा की समर्थक पहिल्या पाच वर्षांविषयी बोलतात, विरोधक शेवटच्या पाच वर्षांविषयी, आणि मधल्या चोवीस वर्षांकडे दोघेही फारसे बघत नाहीत. सरकार हरले ते त्या चोवीस वर्षांत. निकाल तेवढा २०११ ला लागला.

हुगळी, १९७८

बंगालमध्ये वाट्याने जमीन कसणाऱ्याला बर्गादार म्हणतात. आपल्याकडे अर्धलीने किंवा बटईने करतात तसाच प्रकार. कायद्याने त्याला काही हक्क आधीपासून होते, पण ते सिद्ध करायला कागद नव्हता. मालकाने 'हा माझा मजूर आहे' म्हटले की विषय संपला. नोंद करायला तलाठ्यासारख्या माणसाकडे जावे, तर तो बसणार मालकाच्या ओसरीवर.

मे १९७८ मध्ये हुगळीतल्या पोलबा भागात हालुसाई या गावी सरकारने एक शिबिर घेतले. बर्गादारांना बोलावून त्यांच्या तोंडून अडचणी ऐकून घेतल्या. त्यातून जी मोहीम उभी राहिली ती ऑपरेशन बर्गा. मंत्री होते बिनय चौधरी आणि जमीन सुधारणा आयुक्त होते देवब्रत बंद्योपाध्याय. पद्धत साधीच होती, पण सत्तेचा तोल बदलणारी. अधिकारी कचेरीत बसून न राहता गावात जायचे. बैठक संध्याकाळी, म्हणजे कामावरून परतलेल्या माणसाला येता येईल अशा वेळी. दावे सगळ्यांसमोर सांगायचे, त्यामुळे एकट्या माणसाला दम देणे अवघड. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा बर्गादार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर.

बर्गादाराचे नाव हक्कनोंदीत चढले. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त. मालक बी-खत देत नसेल तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा बर्गादाराचा, देत असेल तर निम्मा. हा हक्क वारसाने पुढे जाणार आणि कारणाशिवाय मालकाला त्याला हुसकता येणार नाही. पुढच्या काळात सुमारे पंधरा लाख बर्गादारांची नोंद झाली. याखेरीज कमाल मर्यादेपेक्षा जास्तीची सुमारे अकरा लाख एकर जमीन वाटली गेली. मालकी मात्र बर्गादाराला मिळाली नाही. आपल्याकडच्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कुळाला मालक मानले, तितके मोठे पाऊल हे नव्हते. पण आपल्याकडे त्या तारखेच्या आधीच किती कुळांची नावे गळाली होती, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कायदा कमी धाडसी आणि अंमल जास्त प्रामाणिक, अशी बंगालची गोष्ट होती.

त्याच वर्षी जूनमध्ये त्रिस्तरीय पंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्याही पक्षाच्या चिन्हावर. ७३ वी घटनादुरुस्ती व्हायला अजून चौदा वर्षे होती. पंचायतीत मोठ्या जमीनदारांऐवजी लहान शेतकरी आणि प्राथमिक शिक्षक निवडून आले.

याचा परिणाम काय झाला, यावरही दोन तट आहेत. अभिजित बॅनर्जी, पॉल गर्टलर आणि मैत्रीश घटक यांच्या २००२ च्या अभ्यासाने असे मांडले की नंतर शेतीची जी उत्पादकता वाढली तिच्यातला सुमारे २८ टक्के हिस्सा ऑपरेशन बर्गाचा होता. हाच आकडा टीकाकार उलट बाजूने वाचतात: उरलेला सारा कूपनलिका, सुधारित बियाणे आणि उन्हाळी बोरो भाताचा. मला २८ टक्के हा आकडा मुळीच लहान वाटत नाही. फक्त कागदावर नाव चढवून एवढे साधणारी योजना शोधून दाखवावी. पण मोहीम तीन-चार वर्षांतच ओसरली, हेही तितकेच खरे.

हुगळी, २००६

२००६ च्या निवडणुकीत डाव्यांना २९४ पैकी २३५ जागा मिळाल्या. त्यांची घोषणा होती: 'कृषी आमादेर भित्ति, शिल्प आमादेर भविष्यत'. शेती हा आमचा पाया, उद्योग हे आमचे भविष्य. शपथविधीच्याच दिवशी, मे महिन्यात, टाटांच्या लहान मोटारीचा कारखाना सिंगूरला येणार असल्याचे जाहीर झाले. त्यासाठी ९९७ एकर जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आली.

बहुतेक जमीनधारक अल्पभूधारक होते आणि त्यांची संख्या हजारांत होती. बऱ्याच जणांनी धनादेश घेतले. सुमारे चारशे एकरांच्या मालकांनी घेतले नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये कुंपण पडले, जमावबंदी लागू झाली, ममता बॅनर्जी कोलकात्यात २५ दिवसांहून अधिक उपोषणाला बसल्या. ऑगस्ट २००८ मध्ये दुर्गापूर द्रुतगती मार्गावर धरणे सुरू झाले आणि ३ ऑक्टोबर २००८ रोजी, दुर्गापूजेच्या तोंडावर, टाटांनी माघार जाहीर केली. कारखाना साणंदला गेला.

मोबदला अन्यायाने कमी होता म्हणून लोक चिडले, असे सर्रास सांगितले जाते. मैत्रीश घटक, संदीप मित्र, दिलीप मुखर्जी आणि अनुषा नाथ यांनी सिंगूरच्या गावांत केलेली पाहणी वेगळेच सांगते. सरासरीने पाहिले तर मोबदला बाजारभावाच्या आसपास होता. पण सरासरीच्या आत घोळ होता. सरकारी कागदात बरीच जमीन 'शाली' म्हणजे एकपिकी, खालच्या प्रतीची दाखवलेली होती. प्रत्यक्षात तिथे पाणी आले होते, दोन-तीन पिके निघत होती. अशा मालकाला एकपिकी जमिनीचा भाव मिळाला आणि त्याने धनादेश नाकारला. बर्गादारांचेही तसेच. नोंद असलेल्याला मोबदल्याचा पाव हिस्सा. नोंद नसलेल्याला काही नाही. त्या शेतावर राबणाऱ्या मजुरालाही काही नाही.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची नाडी इथे आहे. ज्या सरकारची ओळखच जमिनीच्या नोंदीने झाली, ज्याने अधिकाऱ्यांना संध्याकाळी गावात जाऊन बसायला शिकवले, ते सरकार अठ्ठावीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात शिळ्या नोंदी घेऊन उभे राहिले. नोंदी ताज्या करण्यासाठी क्रांती लागत नाही, पण दरवर्षी नेटाने करायचे कंटाळवाणे काम लागते. ते मधल्या वर्षांत झाले नाही.

नंदीग्राम आणि नंतरची भांडणे

सिंगूर धुमसत असताना पूर्व मेदिनीपूरच्या नंदीग्राममध्ये रसायन उद्योगासाठी जमीन घेणार, अशी हल्दिया विकास प्राधिकरणाची सूचना आली. गावकऱ्यांनी रस्ते खणले, पूल तोडले. १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मेले. राज्यपाल गोपालकृष्ण गांधी यांनी जाहीर पत्रक काढून धक्का व्यक्त केला. नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हत्यारांच्या बळावर नंदीग्राम 'परत ताब्यात' घेतले आणि मुख्यमंत्री म्हणाले की विरोधकांना त्यांच्याच भाषेत उत्तर मिळाले. हे वाक्य त्यांना शेवटपर्यंत चिकटले.

मग जो वाद पेटला तो डावे विरुद्ध उजवे असा नव्हताच. अशोक मित्र हे १९७७ च्या पहिल्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री, आणि त्यांनीच नंदीग्रामवरून आपल्या जुन्या सहकाऱ्यांवर जाहीर टीका केली. सुमित सरकार आणि तनिका सरकार या डाव्या इतिहासकारांनी राज्याचा रवींद्र पुरस्कार परत केला. १४ नोव्हेंबर २००७ ला कोलकात्यात पक्षाच्या झेंड्याविना प्रचंड मोर्चा निघाला. त्याच महिन्यात नोम चॉम्स्की, तारिक अली आदींनी पत्र लिहून बंगालमधल्या डाव्यांनी फूट पाडू नये असे सुचवले, तेव्हा महाश्वेता देवी, अरुंधती रॉय आणि इतरांनी त्यांना उलट पत्र धाडले: जे एकत्र राहावेत असे तुम्हाला वाटते, त्यातला एक गट दुसऱ्यावर गोळ्या झाडतो आहे.

अमर्त्य सेन यांची भूमिका या गलक्यात जरा बाजूला पडली. २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका मुलाखतीत नंदीग्रामच्या गोळीबारावर टीका केली, पण शेतजमिनीवर उद्योग नकोच असे म्हणणे शेवटी आपलेच नुकसान करणारे आहे, असेही सांगितले. जुन्या औद्योगिक वसाहती नद्यांकाठच्या सुपीक जमिनीवरच उभ्या राहिल्या, हा त्यांचा आधार. हे म्हणणे दोन्ही छावण्यांना गैरसोयीचे होते. त्यामुळे प्रत्येकाने अर्धेच उचलले.

गावातला वाद याहून साधा आणि टोकदार होता. 'जमीन यांनीच दिली' म्हणणारा बाप आणि 'शेतीत आता काय उरलंय' म्हणणारा मुलगा ही दोन्ही माणसे बहुधा एकाच घरात होती. एकराचे तुकडे होत गेले, बर्गादाराच्या दोन-तीन मुलांत वाटा फुटला, आणि कारखान्यात नोकरी मिळेल का याची खात्री कुणी देईना. म्हणजे उद्योग नको होता असे नाही. जमीन जाणार हे नक्की आणि नोकरी येणार हे मात्र सांगोवांगी, या व्यवहाराला लोक तयार नव्हते.

एकाच तक्त्यातून दोन निकाल

अशा वादात माणसे आकडे फेकतात तेव्हा मी आधी पाहतो की सुरुवात कोणत्या वर्षापासून धरली आहे. नियोजन आयोगाच्या मोजणीप्रमाणे बंगालमधले ग्रामीण दारिद्र्य १९७३-७४ मध्ये सुमारे ७३ टक्के होते. १९९९-२००० मध्ये ते सुमारे ३२ टक्क्यांवर आले. देशाचा ग्रामीण आकडा याच काळात ५६ वरून २७ वर आला. समर्थक म्हणणार, आम्ही ४१ अंकांनी उतरवले, देशाने २९ नी. विरोधक म्हणणार, पाव शतक राज्य करूनही तुम्ही देशाच्या सरासरीच्या मागेच. तक्ता एकच. एक जण प्रवास मोजतो, दुसरा मुक्काम.

माझ्या लेखी प्रवास मोजणे जास्त न्यायाचे, कारण १९४३ चा दुष्काळ, फाळणी आणि निर्वासितांचे लोंढे सोसलेल्या राज्याची सुरुवात इतरांसारखी नव्हती. पण हे कारण पहिल्या दहा वर्षांना शोभते. पंचविसाव्या वर्षी तेच पुढे करणारे सरकार स्वतःच आपण काही केले नाही असे सुचवत असते.

उद्योगाचेही असेच. कारखाने पळाले ते डाव्यांमुळे, हे अर्धसत्य आहे. १९५० च्या दशकात केंद्राने पोलाद आणि कोळशाचे वाहतूक दर देशभर समान केले, त्यामुळे खाणीजवळ असण्याचा पूर्व भारताचा फायदाच नाहीसा झाला. (त्याचा लाभ ज्यांना झाला त्यात आपला पश्चिम किनारा आला. बंगालला नावे ठेवताना मराठी माणसाने एवढे आठवावे.) १९६७ नंतरच्या घेरावांनी मालक बिथरले, तेव्हा डावी आघाडी सत्तेत यायची होती. हल्दिया पेट्रोकेमिकल्सला केंद्राची परवानगी मिळवण्यात वर्षांमागून वर्षे गेली आणि कारखाना सुरू झाला तो २००० मध्ये. इथपर्यंत बचाव पटतो. पण दर समानीकरण १९९० च्या दशकात संपले, परवाना राज १९९१ ला संपले, आणि ज्योती बसूंच्या सरकारने नवे औद्योगिक धोरण आणले ते १९९४ ला. ते कागदावर आले खरे, पण उद्योगासाठी आधीच जमवलेल्या जमिनीची पेढी, नोंदींची दुरुस्ती, कामगार संघटनांशी नवा करार यांतले काही झाले नाही. मग २००६ मध्ये सगळे एका दमात करायला निघाले.

शिक्षणात नुकसान अधिक सरळ आहे. सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली. हेतू असा की गरिबाचे पोर पहिल्या पिढीत मातृभाषेत तरी शिकेल. परिणाम असा की ऐपत असलेल्यांनी मुले खासगी शाळांत घातली आणि गरिबाचे पोर सहावीपर्यंत इंग्रजीविना राहिले. १९९९ नंतर टप्प्याटप्प्याने इंग्रजी परत आणली गेली. तोवर एक पिढी निघून गेली होती. कोलकात्याच्या मध्यमवर्गाचा राग बराचसा इथला आहे, तो सिंगूरच्या आधीचा.

देशातल्या मुसलमानांची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या अखेरीस आला आणि राज्यात सुमारे २५ टक्के असलेल्या मुसलमानांचा सरकारी नोकऱ्यांतला वाटा किती नगण्य आहे ते उघडे पडले. आम्ही दंगली होऊ दिल्या नाहीत, हे डाव्यांचे उत्तर. ते बव्हंशी खरेही होते. पण सुरक्षितता मिळाली म्हणून बढती मागायची नाही, असे कुठला नागरिक मान्य करील?

एल.सी.

पक्षाची गावपातळीवरची समिती म्हणजे लोकल कमिटी. लोक नुसते एल.सी. म्हणत. ऑपरेशन बर्गा यशस्वी झाले त्यात अधिकाऱ्यांइतकाच या समित्यांचा आणि किसान सभेचा, म्हणजे पक्षाच्या शेतकरी संघटनेचा, हात होता. मालकाने दम दिला तर बर्गादाराच्या पाठीशी उभे राहणारे तेच होते. पुढे हीच समिती शिधापत्रिका कुणाला, शाळेत मास्तर कोण, सासू-सुनेच्या भांडणात चूक कुणाची, हे ठरवू लागली. अभ्यासक द्वैपायन भट्टाचार्य यांनी या रचनेला 'पार्टी सोसायटी' म्हटले. जात, नाते, देऊळ या सगळ्यांची जागा पक्षाने घेतलेला समाज.

म्हणून कामगिरी एका रकान्यात आणि अपयश दुसऱ्या रकान्यात लिहिण्याची रीत इथे चालत नाही. बर्गादाराला निर्भय करणारे आणि विरोधकाला घाबरवणारे हात एकाच समितीचे होते. हत्यार तेच राहिले, धरणाऱ्याची पिढी बदलली. १९७८ चा कार्यकर्ता तुरुंगातून आलेला होता. २००५ चा बऱ्याचदा ठेकेदार होता.

गंमत म्हणजे सत्ताधाऱ्यांना हे कळतच नव्हते असे नाही. शिक्षकभरती पक्षाच्या हातून काढण्यासाठी १९९७-९८ मध्ये स्कूल सर्व्हिस कमिशन याच सरकारने उभे केले आणि ते बरीच वर्षे बरे चालले. म्हणजे मधल्या चोवीस वर्षांत सगळेच ओसाड नव्हते. पण अशी कामे मोजकीच निघाली, आणि गंमतीवर गंमत अशी की डाव्यांच्या समर्थकांनाही ती पटकन आठवत नाहीत.

निकालानंतर

इशारे आधीच मिळाले होते. २००८ च्या पंचायत निवडणुकीत पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा या जिल्हा परिषदा गेल्या. २००४ च्या लोकसभेत ४२ पैकी ३५ जागा जिंकणारी आघाडी २००९ मध्ये १५ वर आली. १३ मे २०११ ला २९४ पैकी ६२ जागा उरल्या. मुख्यमंत्री जादवपूरमधून हरले, तेही त्यांच्याच सरकारात मुख्य सचिव राहिलेल्या मनीष गुप्तांकडून. तरीही मते सुमारे ४१ टक्के होती. शंभरातली एकेचाळीस माणसे तेव्हाही म्हणत होती की हिशेब एकूण जमेचाच आहे. २०२१ मध्ये डाव्यांचा एकही आमदार निवडून आला नाही.

ममता बॅनर्जींच्या नव्या सरकारने एल.सी. मोडली नाही, तिच्या जागी आपली माणसे बसवली. २०१८ च्या पंचायत निवडणुकीत सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या. स्कूल सर्व्हिस कमिशनच्या २०१६ च्या भरतीतल्या सुमारे २५ हजार नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केल्या. डाव्यांचा समर्थक आज हे बोट दाखवून विचारतो, 'आमचं वाईट होतं, मग हे काय?' प्रश्न रास्त आहे, पण तो त्यांच्या चौतीस वर्षांचे उत्तर होत नाही.

सिंगूरच्या जमिनीचा खटला ३१ ऑगस्ट २०१६ ला निकालात निघाला. सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द केले, जमीन परत द्यायला सांगितले आणि घेतलेला मोबदला परत करायची गरज नाही असेही म्हटले. दोन न्यायमूर्तींची कारणे मात्र वेगळी. गोपाल गौडा यांच्या मते हे सार्वजनिक प्रयोजनच नव्हते. अरुण मिश्रा यांच्या मते प्रयोजन सार्वजनिकच होते, पण शेतकऱ्यांचे आक्षेप कायद्याप्रमाणे ऐकले गेले नाहीत. म्हणजे उद्योग आणायचा होता यात चूक की तो आणण्याच्या रीतीत, हा गावातला प्रश्न न्यायासनावरही दुभंगलेलाच राहिला. रीत चुकली हे मात्र दोघांनाही मान्य.

जमीन परत मिळाली ती काँक्रीटचे पाये आणि राखेचे भराव पोटात घेऊन. सगळीकडे पुन्हा पीक उभे राहिले नाही. आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी लवादाने राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५ कोटी ७८ लाख रुपये आणि वर व्याज द्यावे असा निवाडा दिला. ही रक्कम कुणाच्या खात्यावर मांडायची, यावर तिथे लगेच नवे भांडण सुरू झाले: जमीन घाईने घेणाऱ्यांच्या, की कारखाना घालवणाऱ्यांच्या?